औषध अर्धवट, क्षय बळकट

दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप उतरतो, अंगावर मांस धरू लागते आणि क्षयाचा रुग्ण गोळ्या बंद करतो. ‘आता बरे वाटते, मग उगाच उष्ण औषधे कशाला?’ हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना नेहमीचा. त्याचे उत्तर जंतूंच्या हिशेबात आहे.

क्षयाने फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीत सुमारे 10 कोटी जंतू असू शकतात. ते सगळे सारखे नसतात. एकाचे दोन होताना त्यांच्या जनुकांत अधूनमधून बदल होतात. त्यामुळे साधारण 10 लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला दाद देत नाही. रिफाम्पिसिनला दाद न देणारा 10 कोटींत एखादा असतो. हे जंतू औषधाने तयार होत नाहीत, ते आधीपासूनच तेथे असतात. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि या मूठभरांना रान मोकळे मिळते. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंत एखादाच. सुरुवातीला चार औषधे एकत्र देतात ती यासाठीच.

1948 साली ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच दिसले. रुग्ण आधी सुधारले. पुढे अनेकांच्या थुंकीत त्या औषधाला न जुमानणारे जंतू सापडले.

इतर पुष्कळ जंतू एकमेकांकडून प्रतिकाराची जनुके उसनी घेतात. क्षयाच्या जंतूत तो प्रतिकार त्याच्याच वंशात उपजतो आणि वाढतो. म्हणून त्याला आळा घालणे बरेचसे आपल्या हाती आहे.

तरीही सारा दोष रुग्णावर टाकणे मला मान्य नाही. रोजगार बुडवून आलेल्या माणसाला ‘गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगणे हेसुद्धा जंतूंना खतपाणीच. थुंकी न तपासता जुन्या खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन देणे त्याहून वाईट, कारण हट्टी क्षयासाठी राखलेले ते शस्त्र आहे.

आणि हे जंतू एका घरात थांबत नाहीत. आजोबांनी सोडलेल्या गोळ्यांची किंमत, आयुष्यात क्षयाची एकही गोळी न घेतलेल्या नातवाला मोजावी लागते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. गोळ्या कधी थांबवायच्या हे बरे वाटण्यावरून ठरवू नये, डॉक्टरांना विचारावे.