झटके थांबले, पण दृष्टीचे काय?

ट्यूबरस स्क्लेरोसिस ही जनुकीय व्याधी सुमारे ६,००० जन्मांमागे एका बालकास होते. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या दृष्टिपटलावर गाठी आढळतात आणि पालक हवालदिल होतात. वस्तुतः त्या गाठींनी दृष्टी क्वचितच जाते. खरा पेच औषधाचा आहे. अर्भकाचे झटके थांबविण्यात व्हिगाबाट्रिन विशेष गुणकारी. मात्र त्यानेच काहींच्या दृष्टिक्षेत्राच्या कडा कायमच्या अंधारतात. म्हणून औषध नाकारणे शहाणपणाचे नव्हे, कारण झटके आटोक्यात न आल्यास बौद्धिक वाढच खुंटण्याचा धोका असतो. नियमित नेत्रतपासणी मात्र हवीच. कडेचे दिसत नाही, हे तान्हे मूल सांगणार कसे? या तपासणीचा खर्च उपचाराचाच भाग मानून शासनाने उचलावयास हवा. तो कुटुंबावर ढकलला की पहिली काटछाट नेमकी तिथेच होते.