हिऱ्याचे निळे तेज व दाखल्यावरील एक ओळ

मुलीच्या लग्नाकरिता दागिने घडवावयाचे झाले म्हणजे सोन्याचा कस व तोळामासा यांविषयी घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसास काही तरी सांगता येते. हिऱ्याच्या कुड्या किंवा अंगठी घेण्याची वेळ आली की मात्र तीच मंडळी जवाहिऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतात. अलीकडे खड्यासोबत प्रयोगशाळेचा छापील दाखला मिळतो, ही मोठीच सोय होय. परंतु त्या दाखल्यावर वजन, रंग, निर्मळपणा व पैलूंची घडण यांच्या खाली ‘फ्लुओरेसन्स’ म्हणून जी एक ओळ असते, तिचा अर्थ कोणी दोष असा करतो, कोणी गुण असा करतो, आणि कोणी तर तेवढ्यावरून खडाच खोटा ठरवून मोकळा होतो. म्हणून या महिन्यात त्या एका ओळीचाच विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

सूर्यप्रकाशात डोळ्यांस दिसणाऱ्या रंगांपलीकडे जंबुपार किरण असतात. ते स्वतः अदृश्य. परंतु काही पदार्थ ते शोषून घेऊन दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. केंब्रिजचे पंडित जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लोरस्पार नावाच्या खनिजावरून या क्रियेस ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. आपण तीस प्रतिदीप्ती म्हणू. घरोघरच्या नळीच्या दिव्यात हाच धर्म उपयोगात आणलेला असतो. हिरा हा कार्बनचा खरा. तथापि भूगर्भात तो घडत असता नायट्रोजनचे अणू त्यात शिरतात. जेथे कार्बनच्या एका अणूची जागा रिकामी राहून तिच्याभोवती नायट्रोजनचे तीन अणू बसलेले असतात, तेथून जंबुपार किरण पडताच निळा प्रकाश निघतो.

आता दाखल्याकडे वळू. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था १९३१ मध्ये स्थापन झाली व १९५५ पासून हिऱ्यांचे दाखले देऊ लागली. मुंबईतही तिची प्रयोगशाळा आहे. दीर्घ लहरींच्या जंबुपार दिव्याखाली खडा धरून, नमुन्याच्या खड्यांशी ताडून, ती पाचांपैकी एक शब्द लिहिते: नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग किंवा व्हेरी स्ट्राँग; म्हणजे तेज नाही, पुसट, मध्यम, तीव्र व अतितीव्र. तेज मध्यम किंवा त्याहून अधिक असल्यास त्याचा रंगही नमूद होतो. या संस्थेच्या अनुभवाप्रमाणे शंभरांतील २५ ते ३५ हिऱ्यांत थोडेबहुत तेज आढळते, आणि अशांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक हिऱ्यांत ते निळे असते. मुख्य गोष्ट ही की, संस्था या ओळीस रंगासारखी प्रत मानीत नाही. ती खड्याच्या ओळखीची एक खूण मानते.

मग या तेजाने हिऱ्याचे पाणी बिघडते काय? १९९७ मध्ये याच संस्थेने निरनिराळ्या तेजाचे हिरे जाणत्या व सामान्य अशा दोन्ही प्रकारच्या लोकांस दाखवून पाहिले. सामान्य माणसास फरक ओळखता आला नाही. उलट तीव्र निळे तेज असलेले खडे वरून पाहता किंचित अधिक शुभ्र वाटले. धुतलेल्या धोतरास नीळ दिली म्हणजे त्याचा पिवळटपणा झाकतो, तशातलाच हा प्रकार होय. काही थोडे खडे मात्र धुरकट, तेलकट दिसतात, हेही खरे. परंतु संस्थेकडे येणाऱ्या तेजस्वी हिऱ्यांत त्यांचे प्रमाण ०.२ टक्क्याहूनही कमी आहे. बाजाराची रीत निराळी. अत्यंत शुभ्र खड्यात तीव्र तेज असल्यास तेथे त्याचा भाव उतरतो. म्हणून ज्यास खडा पसंत आहे व धुरकटपणा दिसत नाही, त्याने या उतरलेल्या भावाचा लाभ खुशाल घ्यावा. मात्र तोच खडा निस्तेज खड्याच्या भावाने कोणी विकू लागल्यास ही ओळ पुढे करण्यास संकोचू नये.

आता ज्या गोष्टीकरिता आम्ही हा विषय हाती घेतला, ती सांगतो. नोटा तपासण्याचे जंबुपार दिवे हल्ली सहज मिळतात. त्याखाली सासूबाईंच्या कुड्या निळ्या दिसल्या आणि सूनबाईंच्या माहेरची अंगठी निळी दिसली नाही, एवढ्यावरून कोणी कोणास फसविले याची चर्चा एकत्र कुटुंबात सुरू होण्यास वेळ लागत नाही. ही परीक्षाच चुकीची आहे. बहुसंख्य अस्सल हिरे त्या दिव्याखाली काहीच चमक दाखवीत नाहीत, आणि काही नकली खडेही चमकतात. एकाच दागिन्यातील अस्सल खडेसुद्धा कमीअधिक चमकू शकतात. तेव्हा एवढ्यावरून व्याह्यांच्या किंवा सराफाच्या सचोटीचा निवाडा करणे अन्यायाचे होय. संशय असल्यास खडा प्रयोगशाळेत पाठवावा. तोवर घरात कोणाचेही नाव घेऊ नये.

खरेदीच्या वेळी आमची सूचना इतकीच: ती ओळ वाचावी, तिचा भावाशी असलेला संबंध विचारून घ्यावा, आणि मग दुकानाच्या दिव्यांपासून दूर, दिवसाच्या उजेडात खडा स्वतः पाहावा. जिने तो पुढे अंगावर घालावयाचा आहे, तिलाही तो त्याच उजेडात दाखवावा.