गजकर्णाच्या दोन गोळ्या



पावसाळ्यात हिमायतनगरच्या शिवारात निंदणी-खुरपणी चालते, तेव्हा कपडे अंगावरच भिजतात आणि अंगावरच वाळतात. मग जांघेत, कमरेला गोल चट्टे उठतात. हे गजकर्ण. जागा अवघड, म्हणून कोणी बोलत नाही. दवाखान्याऐवजी दुकानात जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हटले जाते.

घात तेथेच होतो. अशा पुष्कळ ट्यूबांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही. उलट ती पसरते आणि कातडी पातळ होते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्ण चिवट झाले, त्यामागे हे एक मोठे कारण मानतात.

चट्टे फार असले की डॉक्टर पोटात घ्यायची गोळी देतात. त्यांतल्या दोन नेहमीच्या : फ्लुकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल. दोन्ही एकाच घराण्यातल्या, पण स्वभाव वेगळे.

फ्लुकोनॅझोल स्वस्त. ते पाण्यात सहज विरघळते, म्हणून जेवणाआधी घ्या की नंतर, अंगी लागते. इट्राकोनॅझोल महाग. त्याची कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यावी, कारण पोटातल्या आम्लाशिवाय ती नीट विरघळत नाही. पित्ताची गोळी सोबत घेतली तर पैसे वाया जातात.

गुण कोणाचा अधिक? बनारस हिंदू विद्यापीठातील डॉक्टरांनी २०० रुग्णांना चार औषधे वाटून देऊन पाहिली. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत इट्राकोनॅझोलने शंभरात ६६ बरे झाले, फ्लुकोनॅझोलने ४२. तेथे फ्लुकोनॅझोल रोज दिले होते. आठवड्याला एक गोळी घेऊन तेवढाच गुण येईल, असे धरून चालू नये. आणि चांगल्या औषधानेही आठ आठवड्यांत शंभरातले ३४ बरे व्हायचे राहिलेच. तेव्हा पंधरा दिवसांत चट्टा दिसेनासा झाला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा.

मात्र शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी तुम्ही घेऊ नका. हृदय कमजोर असेल त्याला इट्राकोनॅझोल धोक्याचे. साखरेच्या काही गोळ्यांसोबत फ्लुकोनॅझोल घेतले तर साखर एकदम उतरून घेरी येऊ शकते. पोटुशी बाई, यकृताचा आजार असलेला माणूस, यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

आणखी एक. हळदीवर करप्यासाठी फवारतो ते प्रॉपिकोनॅझोल याच घराण्यातले आहे. 'नाव सारखे, मग लावून पाहू' असे कोणी करू नये. ते पिकाचे औषध आहे, कातडीसाठी ते विषच.

घरात एकाला गजकर्ण असेल तर सगळ्यांना दाखवा. प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवा. नाहीतर गोळी एकाची आणि बुरशी घरभर, असे चालू राहील.

ट्यूबने गुण नसेल तर गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात जा. रोग जुना असेल तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. अवघड जागेचे दुखणे डॉक्टरांना नवे नसते. लाज सोडा, म्हणजे खाज सुटेल.