नवजातांच्या फुप्फुसांतील उच्च रक्तदाब : औषधाइतकेच अंतरही निर्णायक

महाराष्ट्र मंडळामुळे मराठीजनांना परिचित असलेल्या रायपूरच्या चौबे कॉलोनीपासून डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेले एम्स काही किलोमीटरवर आहे. बस्तरमधील जगदलपूरहून मात्र रायपूर सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. नवजात बालकांच्या फुप्फुसांतील उच्च रक्तदाबाचा विचार करताना हे अंतर दृष्टीआड करता येणार नाही.

गर्भावस्थेत बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकुंचित असतात. जन्मानंतर पहिल्या श्वासासरशी त्या सैलावतात. तसे न घडल्यास रक्त फुप्फुसांना वळसा घालून शरीरात जाते व बाळ निळे पडते. हजारात सुमारे दोन बालकांना हा विकार होतो. जन्मतः गुदमरणे, गर्भजलातील विष्ठा श्वासमार्गात जाणे आणि जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख कारणे होत.

रक्तवाहिन्या सैल करण्यातील नायट्रिक ऑक्साइडच्या कार्याच्या शोधासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. श्वासावाटे द्यावयाच्या या वायूला अमेरिकेने १९९९ मध्ये नवजातांसाठी मान्यता दिली. तो केवळ फुप्फुसांवरच परिणाम करतो. परंतु उपचार महाग असून त्यासाठी विशेष यंत्रणा लागते. म्हणूनच भारतासारख्या देशांत स्वस्त सिल्डेनाफिलचा आधार घेतला जातो. त्याने शरीराचा रक्तदाबही उतरू शकतो, त्यामुळे सतत देखरेख अनिवार्य ठरते. वायू मिळत असलेल्या बालकांना हे औषध शिरेवाटे जोडून दिल्याने अधिक लाभ झाला नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. स्वस्त औषध हा सर्वत्र लागू पडणारा तोडगा नव्हे, हाच त्याचा अर्थ.

मग प्राधान्य कशाला द्यावे? उजवा हात व पाय यांतील प्राणवायूच्या प्रमाणातला फरक साधे पल्स ऑक्सिमीटर दाखवते आणि त्यावरून या विकाराची शंका लवकर घेता येते. बाळाला ऊब, योग्य प्रमाणात प्राणवायू आणि स्थिर रक्तदाब मिळाला, तर पुढील उपचारांना वाव राहतो. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजातांना सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार व वाहतुकीचा हक्क दिला. तो हक्क प्रत्यक्षात उतरायचा, तर जिल्हा रुग्णालयातील प्रशिक्षित परिचारिका आणि प्राणवायूची सोय असलेली रुग्णवाहिका यांवरही खर्च करावा लागेल. मोठ्या शहरातील अद्ययावत कक्षाचा लाभ तेथवर जिवंत पोहोचणाऱ्या बाळालाच होणार आहे.