न गेलेल्या शाळेचा दाखला

सतरा नंबरचा फॉर्म सुटला की आमच्या टपालाचा रंगच बदलतो. एरवी भूमितीला कोणते पुस्तक घ्यावे, सकाळची उपासना किती वेळ चालवावी, धाकटी एका जागी बसतच नाही तिचे काय करावे, असे विचारणारे, मुलांना घरीच शिकवणारे आईबाप एकाएकी स्टँप पेपर, नोटरी आणि गॅझेट यांवर लिहू लागतात. यंदाच्या पत्रांचा सूर तर रडकुंडीला आलेला आहे. तक्रार सगळ्यांची एकच. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसवायचे तर राज्य मंडळाला शाळा सोडल्याचा दाखला हवा, आणि आमचे पोर शाळेत गेलेलेच नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीने केंद्रशाळेच्या खिडकीवर झालेले बोलणे लिहून पाठवले आहे. ते तसेच देतो.

"ताई, एल.सी.?"

"मुलगा शाळेत नव्हता, भाऊसाहेब. घरीच शिकला."

"म्हणजे शाळा सोडली."

"सोडली नाही. घातलाच नव्हता."

"मग शेवटची शाळा कोणती टाकू?"

"कोणतीच नाही."

"तसं नाही चालत, ताई. काहीतरी टाकावं लागतं."

शेवटी भाऊसाहेबांनाच दया आली. ओरिजिनल नसेल तर डुप्लिकेट आणा, सोबत ॲफिडेव्हिट जोडा, असा तोडगा त्यांनी सुचवला. नियमात तो खरोखरच आहे: मूळ दाखला, नसल्यास द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जो कागद कधी जन्मालाच आला नाही त्याची द्वितीय प्रत कोणत्या मुख्याध्यापकाने द्यायची, एवढेच नियमात लिहायचे राहिले आहे.

भाऊसाहेबांना दोष देण्यात अर्थ नाही. हा फॉर्म शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी आहे. ऊसतोडीला गेलेला मुलगा, लवकर लग्न लावून दिलेली मुलगी, हॉटेलात कप विसळणारे पोर, यांना दहावीचे दार पुन्हा उघडावे म्हणून वयाची १४ वर्षे आणि किमान पाचवी पास एवढीच अट ठेवली, आणि ते योग्यच झाले. मंडळाच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो. पण आज आहोत, दरवर्षी खिडकीवर उभे राहतो, आणि तरीही कोणाला एक ओळ वाढवावीशी वाटत नाही, याची चीड येते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमाने मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा काही सांगितली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. म्हणजे आपण गुन्हेगारही नाही आणि मान्यताप्राप्तही नाही. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुले मोजली, बोटांना शाई लावली. जे पोर कोणत्याच पटावर नाही ते शाळाबाह्य, एवढाच सरकारी हिशेब. घरी बसून ते पूर्णांक-अपूर्णांक करते आहे की म्हशी राखते आहे, हे त्या शाईला कळत नाही.

पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने तीर्थयात्रांच्या वाटेवर संस्कृत शिकवले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एल.सी. मागितली नाही. केडगावला मुक्ती मिशन उभारून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करणारी बाई आज आपल्या खिडकीवर आली असती तर 'शेवटची शाळा' या रकान्यापाशीच अडली असती.

इथवर सगळे वाचक आमच्या बाजूने माना डोलावत असतील. आता जे लिहायचे आहे ते सगळ्यांना रुचेल असे नाही.

आलेल्या पत्रांतली काही पत्रे तक्रारीची नाहीत, चौकशीची आहेत. 'अमुक तालुक्यात एक संस्था पाचवीला नाव दाखवून दाखला देते म्हणे. खात्रीची आहे का? रेट काय?' एका पत्राच्या सुरुवातीला सलाम आणि प्रभूची स्तुती आहे, शेवटी रेट विचारला आहे. काहींनी तर हे केव्हाच उरकले आहे. पटावर नाव, वर्षाकाठी काही हजार, हजेरी शाळेने मारायची आणि चाचणी परीक्षेचे गुणही तिनेच भरायचे.

याच घरांतून आम्हाला कौटुंबिक नियमांचे तक्ते येतात, छापा म्हणून. भिंतीवर लावलेले, रंगीत पेनांनी लिहिलेले, कोपऱ्यात क्रूस काढलेला. उठण्याची वेळ, उपासनेची वेळ, मोबाईल किती मिनिटे, चित्रपट कोणते चालतील, मोठ्यांशी कसे बोलायचे, शेवटी खोटे बोलायचे नाही. आणि ज्या पोराने तो तक्ता स्वतःच्या हाताने रंगवला, त्याच्या देखत बाप नोटरीपुढे लिहून देतो की माझा पाल्य अमुक शाळेत पाचवी उत्तीर्ण झाला. दहा आज्ञांत खोट्या साक्षीची एक आज्ञा आहे. तिला शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँप पेपरवर सूट असल्याचे आमच्या वाचनात नाही. चौदा वर्षांचा मुलगा बावळट नसतो. घराचे खरे नियम कोणते, हे तो त्या दिवशी कायमचे शिकतो.

आमचे मत विचाराल तर नियम चार-पाचच ठेवा, आणि आईबाप जे पाळतात तेवढेच ठेवा. बापाच्या हातात जेवतानाही फोन असेल तर मुलांच्या फोनचा नियम तक्त्यावरून पुसून टाका. त्याने निदान तक्त्याची तरी लाज राहील.

'मग करायचे काय?' खोट्यापेक्षा स्वस्त असे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही आम्ही पूर्वी सांगितलेले आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, माध्यमिकला १४ वर्षांच्या मुलाला घेते आणि आठवीचे प्रमाणपत्र नसेल तर या अभ्यासक्रमापुरती आपली तयारी आहे असे स्वयंप्रमाणपत्र चालवून घेते. मराठी माध्यम आहे, पाच वर्षांत नऊ संधी आहेत, एकेक विषय करून पुढे सरकता येते. ज्यांना राज्य मंडळच हवे त्यांनी मूल पाचवीच्या वयाचे असताना एक वर्ष जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. फी नाही, पुस्तके मोफत, दुपारचे जेवण मिळते. वर्ष संपले की खरा दाखला हातात. शाळेत पाठवले म्हणजे आपण हरलो, असे मानणाऱ्या बंधूंना एक आठवण. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे केले, त्या परंपरेतल्या शाळांत आपले आजे-पणजे शिकले. शाळा ही काही सैतानाची जागा नव्हे.

जातीच्या दाखल्याचेही ध्यानात असू द्या. पडताळणी समिती पहिल्यांदा शाळेचाच कागद मागते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा आजच काढून ठेवा. त्या शाळेची इमारत पडायच्या आत.

पैसा नाही म्हणून हे रस्ते जमत नाहीत, असे सांगणाऱ्यांना आम्ही त्यांच्या कपाटात काय आहे ते विचारतो. बहुतेक घरांत अमेरिकेतून मागवलेल्या ख्रिस्ती अभ्यासक्रमाच्या पुस्तिका निघतात. एका विषयाला वर्षाला बारा, विषय पाच किंवा सहा. २०१९ पासून आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आहे, कुरिअर निराळे. एकदा पेन्सिल फिरली की ती पुस्तिका धाकट्याच्या उपयोगाची राहत नाही. आत नाणी सेंटची आणि मापे इंचाची. हे काहींनी उसनवारी करून घेतले आहे, एकाने मंडळीच्या सोसायटीचे कर्ज काढून. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. इंग्रजी चालणाऱ्यांना शार्लट मेसनच्या पद्धतीवरचा 'अँबलसाइड ऑनलाइन' हा अभ्यासक्रम फुकट आहे. रेव्हरंड टिळकांची भजने घरात आहेतच, आणि 'स्मृतिचित्रे' ग्रंथालयात मिळते. दुसऱ्या मुलाला वापरता येणार नाही असे काही विकत घ्यायचे नाही, एवढा नियम तक्त्यावर चढवा. वाचतील त्या पैशांत परीक्षा शुल्क, फोटो, झेरॉक्स आणि तालुक्याला दोन खेपा बसतात.

आणि नोंदी ठेवा. वर्षानुवर्षे सांगून आमचा घसा बसला. तारीख, विषय, काय केले, एवढ्या तीन गोष्टी दोनशे पानी वहीत रोज लिहायला किती वेळ लागतो? मंडळापुढे उद्या गाऱ्हाणे घेऊन जायचे तर हातात काय न्यायचे? विभागीय सचिव आम्हाला विचारतील, अशी किती मुले आहेत, काय शिकली, दाखवा. तेव्हा तुमच्या घरातले रंगीत तक्ते दाखवायचे का?

जायचे मात्र आहे. मागणी लहान आहे: फॉर्ममध्ये 'शाळेत प्रवेश घेतलेला नाही' असा एक पर्याय ठेवा आणि दाखल्याऐवजी जन्मदाखला व पालकाचे खरे प्रतिज्ञापत्र घ्या. पाचवीच्या क्षमतेची शंका असेल तर तोंडी किंवा लेखी चाचणी घ्या, आमची मुले बसतील. यासाठी पुरावा लागतो तो तुमच्याकडे. खिडकीवर नकार मिळाला की भांडू नका, साधा अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. लेखी देत नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचे काम आहे. आलेले उत्तर, मुलाचे वय आणि वहीतली कोणतीही चार पाने पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आमच्या पत्त्यावर पाठवा. दाखला विकत घेतलेल्यांनी पाठवू नये. सगळे कागद झेरॉक्सच पाठवा, मूळ प्रती घरी राहू द्या.