टोळी टेंभुर्णीला गेली म्हणून गाव सुटत नाही

दिवाळी झाली की सातपुड्यातून आपल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. टेंभुर्णीच्या फडात आईबापासोबत अकरावी-बारावीची पोरंही मोळ्या बांधतात. बहुतेक वेळा तेव्हाच गावात मतदारयादीचं काम निघतं. बीएलओ येतो, घराला कुलूप बघतो, पुढं जातो. नंतर आम्हालाच ऐकवतात, "तुमची पोरं इथं राहतच नाहीत."

राहत नाहीत म्हणजे? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० वाचा. तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचा रहिवास तुटत नाही. मुकादमाची उचल फिटली की आम्ही घरीच येतो ना!

काही जण म्हणतात, मत देऊन काय दिवे लागले? आमदार-खासदारांचं राहू द्या. १९९६ च्या पेसा कायद्यात ग्रामसभा म्हणजे मतदारयादीत नाव असलेली माणसं. गावची जमीन घ्यायचा विषय निघेल, तेव्हा यादीत नसलेलं पोरगं भिंतीला टेकून नुसतं ऐकणार. कागद वाचता येणारं पोरगंच बाहेर! हे कुणाच्या सोयीचं, तुम्हीच ओळखा.

म्हणून टोळी निघायच्या आधीच नमुना ६ भरायचा. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आता आगाऊ भरता येतो, अठरा झाली की नाव चढतं. जन्माच्या पुराव्याला दहावीचं प्रमाणपत्र चालतं. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आश्रमशाळेच्या गुरुजींनी बारावीच्या वर्गात फॉर्म वाटावेत, भरायला आम्ही येतो. आणि टेंभुर्णीच्या खोपीत आधीच पोचलेल्या पोरापोरींनो, मोबाईलवरूनही भरता येतो. पत्ता मात्र गावचा टाका.