सरासरीतल्या एका धावेचा हिशेब

जुने स्कोअरर एकत्र आले की एक प्रश्न निघतोच: राजिंदर गोयल मोठे की पद्माकर शिवलकर? गोयल जून २०२० मध्ये गेले, शिवलकर मार्च २०२५ मध्ये. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघांच्याही नावावर एकही कसोटी नाही. वाद मात्र संपलेला नाही. आपल्या विदर्भातल्या स्कोअररांनी, प्रशिक्षकांनी आणि निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी तो एकदा कागद-पेन्सिल घेऊन नीट मांडावा, असे आम्हाला वाटते. उद्या चौदा वर्षांखालच्या संघासाठी दोन पोरांतून एकाला निवडताना करायचा हिशेब हाच आहे.

आधी उघड आकडे. गोयल : १५७ प्रथम श्रेणी सामने, ७५० बळी, सरासरी १८.५८. शिवलकर : १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. गोयल यांनी डावात पाच बळी ५९ वेळा घेतले, शिवलकरांनी ४२ वेळा. सामन्यात दहा बळी अनुक्रमे १८ आणि १३ वेळा. एवढे वाचून बहुतेक जण गोयल यांच्या नावावर शिक्का मारतात.

आता भागाकार करा. गोयल यांना सामन्यामागे ४.७८ बळी मिळाले, शिवलकरांना ४.७५. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. सरासरीत १.११ धावांचे अंतर आहे. सामन्यामागे पावणेपाच बळी धरले तर ते होते साधारण पाच धावा. म्हणजे संपूर्ण सामन्यात एखादा चौकार आणि एक चोरटी धाव. एवढ्यावर मोठे कोण, धाकटे कोण हे ठरवणे आम्हाला तरी धाडसाचे वाटते.

शिवाय या धावा कोणाविरुद्ध गेल्या? रणजी करंडकाची साखळी १९५७-५८ पासून विभागवार झाली. शिवलकर मुंबईकडून पश्चिम विभागात महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांच्याशी खेळले; गोयल दक्षिण पंजाब, दिल्ली आणि हरियाणाकडून उत्तर विभागात. आपला विदर्भ मध्य विभागात, त्यामुळे साखळीत दोघांपैकी कुणाचीच आपल्याशी गाठ पडत नसे. गोयल यांच्या ७५० पैकी ६३७ बळी रणजीतले आहेत, म्हणजे शंभरातले पंचाऐंशी. शिवलकरांचे रणजीतले बळी ३६१, शंभरातले एकसष्ट. त्यांचे उरलेले सव्वादोनशेहून अधिक बळी दुलीप, इराणी आणि इतर प्रथम श्रेणी सामन्यांतले. सलग पंधरा वर्षे रणजी जिंकणाऱ्या मुंबईला इराणी सामना ठरलेलाच असे, आणि तिथे समोर शेष भारताचे निवडक फलंदाज. तगड्या फलंदाजांसमोर इतकी षटके टाकूनही सरासरी विसाच्या आत राहिली, तर त्या पाच धावांची भरपाई केव्हाच झाली. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. त्या खेळपट्टीवर मुंबईलाही १५१ आणि ११३ धावाच करता आल्या, हेही त्याच ओळीत लिहायला हवे.

दोघांची वाट अडली ती बिशनसिंग बेदींमुळे. बेदींची प्रथम श्रेणीतली सरासरी २१.६९, दोघांपेक्षा जास्त! पण त्यांच्या १५६० बळींत कसोटीतले २६६ आहेत, सरासरी २८.७१. नुसती सरासरी लावून क्रम ठरवला तर बेदी तिसरे येतात. असा क्रम लावणाऱ्याच्या हाती संघनिवड देऊ नये.

तरीही आमचा कौल गोयल यांना आहे. कारण १.११ नव्हे. शिवलकरांच्या चेंडूवर फॉरवर्ड शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर उभे असत. २७ कसोटींत ५३ झेल घेणारा तो माणूस. शिवाय मुंबईचे फलंदाज पाठीशी भरपूर धावा ठेवत. हरियाणासारख्या नव्या संघात गोयल यांना असा आधार क्वचितच होता; त्या संघाने रणजी जिंकली ती १९९०-९१ मध्ये, गोयल थांबल्यावर. इतक्या कमी मदतीवर तेवढेच बळी काढणे आम्हाला अधिक अवघड वाटते.

आमच्या या मताची दुखरी बाजू सांगतो. ते सिद्ध करायला लागणारा आकडा कुठेच नाही. गोयल यांच्या चेंडूंवर किती झेल सुटले, हे कुठल्याच स्कोअरबुकात नोंदलेले नसते. घेतलेला झेल लिहिला जातो, सुटलेला हवेत जातो.

म्हणून मागणे थेट स्कोअरर मित्रांकडे. खामगाव असो, अकोला असो की जामठा, या हंगामात प्रत्येक सामन्याच्या पानावर तीन नोंदी जादा करा. खेळपट्टी मॅटिंगची की टर्फची. सुटलेला झेल कोणाच्या चेंडूवर आणि कोणत्या जागी. आणि बळी पडलेला फलंदाज कितव्या क्रमांकाचा. तिसरी नोंद स्कोअरबुकात असतेच, पण गोलंदाजाच्या रकान्यात कुणी उतरवत नाही. दहाव्या-अकराव्या क्रमांकाचे चार बळी आणि सलामीच्या जोडीसह चार बळी बेरजेत सारखेच दिसतात, आणि जिल्हा निवडीत त्यावर पोरांची नावे वर-खाली होतात. समासात जागा पुरते, पेन्सिलही तीच लागते. हंगाम संपल्यावर या पानांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. ज्यांच्या नोंदी पूर्ण असतील त्या गोलंदाजांची तुलना आम्ही याच पानांवर, सगळ्या हिशेबासकट छापू.